अंगणातील दुर्बीण आणि चंद्राची छायाचित्रे

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्या एका मेळाव्यात माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाची ही संहिता.)



रस्ते, पाणीपुरवठा आणि शाळांची पटसंख्या यांसारखे निकडीचे विषय सोडून मी आपणांस ३,८४,४०० किलोमीटर दूर नेणार आहे, याबद्दल प्रारंभीच आपली अनुमती मागतो. पृथ्वीपासून चंद्राचे सरासरी अंतर एवढे आहे. मी विज्ञानाचा नव्हे, कला शाखेचा पदवीधर. छायाचित्रांशी माझा संबंध आला तो नोकरीच्या निमित्ताने. भूमिपूजन, उद्घाटन, पाहणी दौरा, पारितोषिक वितरण अशी असंख्य छायाचित्रे आमच्या कार्यालयातून जातात. या कामात एक गोष्ट माझ्या मनावर ठसली. छायाचित्र कितीही सुबक असले तरी त्याखाली कोण, कोठे, केव्हा हे लिहिलेले नसेल, तर वर्षभरात ते निरुपयोगी होते. ही साधी गोष्ट चंद्राच्या छायाचित्रालाही तंतोतंत लागू पडते. म्हणूनच या विषयावर बोलण्याचे धाडस मी करीत आहे.

वीस मिनिटांपासून एक शतांश सेकंदापर्यंत

दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याची चित्रे काढण्याचा उद्योग १६०९ साली सुरू झाला. इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट आणि इटलीमध्ये गॅलिलिओ यांनी त्या वर्षी चंद्राची रेखाटने केली. चंद्र हा गुळगुळीत गोळा नसून त्यावर डोंगर आणि खळगे आहेत, हे गॅलिलिओने सावल्यांवरून ओळखले. मात्र रेखाटनात पाहणाऱ्याचा हात आणि त्याची समजूत दोन्ही उतरतात. ती उणीव छायाचित्रणाने दूर केली. न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर या प्राध्यापकाने १८४० मध्ये चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चंद्राची प्रतिमा उमटविली. त्यासाठी त्याला सुमारे वीस मिनिटे प्रकाश घ्यावा लागला. आज तेच काम साध्या कॅमेऱ्याने सेकंदाच्या शंभराव्या भागात होते.

आपल्या महाराष्ट्राचाही या परंपरेशी जुना संबंध आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ रोजी, करमाळा तालुक्यातील जेऊर येथे तळ देऊन खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण केले व त्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्या दिवशी चंद्राचे बिंब सूर्याआड नव्हे, सूर्यापुढे आले होते, आणि सोलापूर जिल्ह्यातील एका लहानशा रेल्वे स्थानकाचे नाव जगभरच्या ज्योतिर्विदांच्या कागदपत्रांत नोंदले गेले. पुढे १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ती देशातील सर्वांत जुनी संस्था होय. पुण्याच्याच आयुका या संस्थेत शिक्षक आणि विद्यार्थी यांना स्वतःच्या हाताने आरसा घासून दुर्बीण तयार करण्याचे शिक्षण देणाऱ्या कार्यशाळा भरल्या आहेत. सांगायचे तात्पर्य, हा छंद आपल्याला परका नाही.

पंचांग हेच वेळापत्रक

चंद्राचे छायाचित्र म्हटले की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे पौर्णिमा येते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने मात्र पौर्णिमेचा चंद्र सर्वांत सपाट. त्या रात्री सूर्यप्रकाश आपल्या पाठीमागून चंद्रावर पडतो, त्यामुळे तेथील डोंगरांच्या सावल्या आपणांस दिसत नाहीत. भर दुपारी माळरानाकडे पाहिले तर उंचसखलपणा कळत नाही आणि सकाळी बांधाचीही लांब सावली पडते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. चंद्रावर जेथे सकाळ किंवा संध्याकाळ होत असते, त्या उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर विवरे आणि पर्वत उठून दिसतात. कॅमेरा रोखायचा तो तेथे.

ही सीमारेषा कोणत्या रात्री कोठे असेल, हे कसे समजावे? त्यासाठी परदेशी कोष्टकांची गरज नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते, ही तिथीची व्याख्या आपण जाणतो. चंद्रावरील सूर्योदयाची रेषाही एका तिथीत सुमारे बारा अंश सरकते. म्हणजे भिंतीवरचे पंचांग हे चंद्रावरील सूर्योदयाचे वेळापत्रकच आहे. चंद्राच्या विषुववृत्तावर ही रेषा ताशी सुमारे पंधरा किलोमीटर वेगाने पुढे जाते. आपल्या शाळेचा मुलगा सायकल जितक्या वेगाने चालवतो, तितक्याच वेगाने तेथे सकाळ पुढे सरकत असते.

शुद्ध तृतीयेला पूर्वेकडील मारे क्रिसियम, म्हणजे संकटांचा सागर, हे गोल काळसर मैदान उजेडात येऊ लागते. पंचमीच्या सुमारास शांतिसागराच्या पूर्व भागात सूर्य उगवतो. तेथे आर्यभटाचे नाव दिलेले २२ किलोमीटर व्यासाचे, लाव्हारसात अर्धेअधिक बुडालेले विवर आहे. त्याच शांतिसागराच्या नैर्ऋत्य भागात २० जुलै १९६९ रोजी माणसाने प्रथम चंद्रावर पाऊल ठेवले. षष्ठीला थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही तीन विवरांची ओळ दृष्टीस पडते. अष्टमीला ॲपेनाइन पर्वतरांग उजळते. नवमीला दक्षिणेकडे टायको आणि त्याहून कितीतरी विस्तीर्ण असे क्लॅव्हियस, उत्तरेकडे काळ्या तळाचे प्लेटो आणि मध्याजवळ ११० किलोमीटर लांबीचा ‘सरळ कडा’ पाहावा. नवमी-दशमीला ९३ किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस विवर त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंतींसह प्रकटते. नवख्याने छायाचित्रणाचा श्रीगणेशा याच विवरापासून करावा. पौर्णिमेला विवरे लोपतात, पण टायकोपासून निघालेले पांढरे पट्टे अर्ध्या चंद्रावर पसरलेले दिसतात. कोजागिरीच्या मेळाव्यात दाखवायला तेच उत्तम.

वद्य पक्षात हीच ठिकाणे सूर्यास्तात दिसतात. संकष्टी चतुर्थीला घराघरांत चंद्रोदयाची वाट पाहिली जाते आणि दिनदर्शिकेत त्याची वेळही छापलेली असते. त्या रात्री उगवणाऱ्या चंद्रावर क्रिसियमचा, म्हणजे संकटांचा सागर बहुतांशी अंधारात गेलेला आढळतो. हा केवळ नावांचा योगायोग आहे, पण मुलांच्या तो पक्का लक्षात राहतो. चंद्र किंचित डुलतो, त्यामुळे त्याचा एकूण ५९ टक्के पृष्ठभाग आपणांस आलटून पालटून दिसतो. याच कारणाने वर सांगितलेल्या तिथींत अर्ध्या-पाऊण दिवसाचा फरक पडू शकतो. तो फरक नोंदविणे हाही एक अभ्यासच.

साधने आणि रीत

आता साधनांकडे वळू. चार इंच, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण या कामास पुरेशी आहे. मग ती भिंगाची असो वा आरशाची. अशा दुर्बिणीतून चंद्रावरील सुमारे दोन किलोमीटरपर्यंतचा तपशील निवळशंख हवेत ओळखता येतो. साहजिकच चांद्रयान-३ चे लँडर किंवा अपोलो मोहिमांचे अवशेष तिच्यातून दिसणार नाहीत. पृथ्वीवरील कोणत्याही दुर्बिणीतून ते दिसत नाहीत. मुले हा प्रश्न हमखास विचारतात, तेव्हा शिक्षकांनी उत्तर तयार ठेवावे.

छायाचित्र घेण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. पहिली म्हणजे नेत्रिकेवर, म्हणजे ज्या भिंगातून आपण पाहतो त्यावर, मोबाईलचा कॅमेरा नीट टेकवून धरणे. हात हलू नये म्हणून मोबाईल पकडणारी कंस-पट्टी मिळते. ती लाकडाची घरीही करता येईल. दुसरी रीत म्हणजे कॅमेऱ्याचे भिंग काढून तो सरळ दुर्बिणीला जोडणे. मग दुर्बीण हेच कॅमेऱ्याचे भिंग होते. दुर्बिणीचे नाभीय अंतर एक मीटर असेल तर चंद्राची प्रतिमा सुमारे नऊ मिलिमीटर व्यासाची पडते आणि संपूर्ण बिंब चौकटीत सहज मावते.

नवख्यांचा कॅमेरा स्वयंचलित मापनावर असतो. भोवतीचा काळोख पाहून तो जादा प्रकाश घेतो आणि चंद्र पांढऱ्या तबकासारखा येतो. वास्तविक चंद्राचा पृष्ठभाग जुन्या डांबरी रस्त्याइतका काळपट आहे. तो झळाळतो, कारण त्यावर भर दुपारचे ऊन पडलेले असते. म्हणून चंद्राचे छायाचित्र हे उन्हातील छायाचित्र समजून घ्यावे. एक मीटर नाभीय अंतराची चार इंची दुर्बीण आणि आयएसओ १०० असेल, तर पौर्णिमेला सेकंदाचा सव्वाशेवा भाग, अष्टमीला तिसावा आणि चतुर्थीच्या कोरीला पंधरावा भाग येथून आरंभ करावा, आणि मग थोडे मागेपुढे करून पाहावे. एवढ्या अल्प वेळात पृथ्वीच्या फिरण्याने प्रतिमा फारशी पुसट होत नाही, त्यामुळे मोटार बसविलेली महागडी बैठक आवश्यक नाही. बैठक भक्कम मात्र हवी. बटण दाबताना दुर्बीण हलते, म्हणून दोन सेकंदांनी आपोआप चालणारी योजना वापरावी.

खरा अडथळा असतो तो हवेचा. तापलेल्या सिमेंटच्या गच्चीवरून आणि पत्र्याच्या छपरावरून रात्री उशिरापर्यंत गरम हवा वर जात राहते आणि चंद्र वाहत्या पाण्याखालच्या खड्यासारखा थरथरतो. गच्चीपेक्षा शाळेचे मातीचे किंवा गवताचे मैदान बरे. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवावी, म्हणजे ती बाहेरच्या हवेइतकी थंड होते. चंद्र आकाशात जितका उंच तितके चांगले. फाल्गुन-चैत्रातील शुद्ध सप्तमी-अष्टमीचा चंद्र आपल्याकडे संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर असतो. वर्षातील सर्वोत्तम संधी तीच.

थरथरीवर अलीकडे एक चांगला उपाय निघाला आहे. एका छायाचित्राऐवजी एक-दोन मिनिटांचे चलच्चित्र घ्यावयाचे. त्यात हजार-दोन हजार चौकटी मिळतात. हवा क्षणभर स्थिर झाली असताना घेतलेल्या दहा-वीस टक्के चौकटी संगणक निवडतो आणि एकमेकींवर बसवून एक स्वच्छ प्रतिमा तयार करतो. ऑटोस्टॅकर्ट आणि रजिस्टॅक्स या नावांचे असे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. शाळेतील संगणकावर ते चालू शकतात.

प्रतिमा खरी कशी ठेवावी

येथे मला एका गंभीर मुद्द्याकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. काही आधुनिक मोबाईल समोरचे बिंब चंद्राचे आहे हे ओळखून त्यावर आपल्या पदरचा तपशील चढवितात. चित्र देखणे होते, पण त्यातील विवरे त्या रात्रीच्या प्रकाशातून आलेली नसतात. गावातील विद्यार्थिनीने तासभर थंडीत उभे राहून घेतलेले किंचित धूसर छायाचित्र आणि यंत्राने सजविलेले चकचकीत छायाचित्र यांची स्पर्धा लावली, तर परीक्षकांनी पहिले उचलावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपण सारे कागदपत्रांवर विसंबून काम करणारी माणसे आहोत. पंचनाम्यात न घडलेली गोष्ट सुंदर अक्षरात लिहिली, म्हणून तो पंचनामा चांगला ठरत नाही.

मग अनेक चौकटी एकत्र करणे हे तरी खरे कसे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, त्या प्रत्येक चौकटीतील प्रकाश त्याच रात्री, त्याच दुर्बिणीतून आलेला असतो. मात्र चित्र अधिक रेखीव करण्याच्या हौसेला आवर घालावा. अतिरेक झाला की चंद्राच्या कडेला खोटी उजळ किनार उमटते. मोबाईल वापरताना आपोआप सुधारणा करणारी योजना बंद करावी आणि मूळ फाईल जपून ठेवावी.

प्रत्येक छायाचित्रासोबत एक नोंद असावी: दिनांक, तिथी, वेळ, गाव, दुर्बिणीचा व्यास, कॅमेरा, प्रकाश घेतल्याचा काल, आकाशाची स्थिती, संगणकावर केलेले संस्कार आणि छायाचित्र घेणाऱ्याचे नाव. तिथी लिहिली की पडताळणी आपोआप होते. शुद्ध षष्ठी लिहिली असेल आणि चित्रात कोपर्निकस उजळलेले असेल, तर नोंद चुकली किंवा चित्र दुसरीकडून आले, हे कोणीही सांगू शकेल.

चित्रातून गणिताकडे

अशी नोंद असली की छायाचित्र हे भिंतीवर टांगण्यापुरते उरत नाही, ते मोजमापाचे साधन बनते. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आहे. चित्रात तो पट्टीने मोजला की बिंबाच्या मध्यभागासाठी प्रमाण मिळते. समजा, बिंबाच्या मध्याजवळील एक शिखर उजेडाच्या सीमारेषेपासून सुमारे १५० किलोमीटरवर आहे. चंद्रावर एक अंश म्हणजे सुमारे ३० किलोमीटर, म्हणून त्या शिखरावरून सूर्य क्षितिजाच्या पाच अंश वर असणार. सावलीची लांबी २० किलोमीटर भरली, तर २० ला पाच अंशांच्या टॅन गुणोत्तराने गुणून उंची सुमारे १,७५० मीटर येते. कळसूबाईच्या १,६४६ मीटरांपेक्षा थोडी अधिक! त्रिकोणमिती कशासाठी शिकायची, असे विचारणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्याला याहून सरळ उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

वर्षभरातील सर्व पौर्णिमांची छायाचित्रे एकाच दुर्बिणीने आणि एकाच कॅमेऱ्याने घेतली, तर चंद्राचे बिंब लहानमोठे होते हे पट्टीने सिद्ध करता येते. चंद्राची कक्षा वर्तुळाकार नाही, हा त्याचा अर्थ. चंद्रग्रहणाची छायाचित्रे ओळीने मांडली तर पृथ्वीच्या छायेची गोल कड हाती लागते. ग्रहणात घराबाहेर पडू नये, अशी समजूत आजही काही ठिकाणी आढळते. तीवर व्याख्यान देण्याऐवजी गावातल्याच मुलीने काढलेली ती छायाचित्रे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ मध्ये घटनेत समाविष्ट झाले. ते कर्तव्य अशा लहान कामांतूनच पार पडते.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी, निज श्रावण शुद्ध सप्तमीस, चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या बाजूस, मँझिनस आणि सिंपेलियस या विवरांच्या परिसरात उतरले. यान त्याच दिवशी का उतरविले? कारण तेथे सकाळची वेळ होती आणि सौर ऊर्जेवर चालणाऱ्या उपकरणांना पुढे सुमारे चौदा दिवस ऊन मिळणार होते. यान दिसत नसले तरी मँझिनस विवर आपल्या चार इंची दुर्बिणीतून दिसते. शुद्ध षष्ठी-सप्तमीला ते शोधून त्याचे छायाचित्र घेणे हा आठवी-नववीच्या वर्गासाठी उत्तम उपक्रम होय.

कपाटाची किल्ली

शेवटी व्यवस्थेविषयी थोडे बोलतो. काही शाळांत दुर्बीण असते, पण ती जडवस्तू नोंदवहीत आणि कुलूपबंद कपाटात असते. मोडली तर जबाबदारी कोणाची, ही भीती त्यामागे आहे आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु बंद कपाटातील दमट हवेत, विशेषतः कोकणात, भिंगावर बुरशी चढते. न वापरलेली दुर्बीणही खराब होते, फरक इतकाच की त्याची नोंद कोणी करीत नाही. तेव्हा शिक्षकांनी हाताळणीचे चार नियम ठरवावेत, दोन विद्यार्थ्यांना जबाबदार नेमावे आणि देवघेवीची वही ठेवावी. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी दुर्बीण आहे काय, एवढेच न विचारता तिच्यातून काय पाहिले, हेही विचारावे. वापरात झालेली झीज हा दोष मानू नये.

ग्रामपंचायत सदस्यांकडून खर्चाची मोठी अपेक्षा नाही. महिन्यातून एका संध्याकाळी, शुद्ध अष्टमीच्या मागेपुढे, शाळेचे मैदान उघडे ठेवावे आणि मुलींना परतताना सोबत मिळेल अशी व्यवस्था करावी. चंद्रासाठी गर्द काळोख लागत नाही, त्यामुळे बाजारपेठेच्या गावातही हा कार्यक्रम होऊ शकतो. एक सूचना मात्र कडकपणे पाळावी. दिवसा दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नये. क्षणार्धात दृष्टी जाते. चंद्राचा प्रकाश डोळ्यांना दिपवतो, पण इजा करीत नाही.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश बहुधा झाकलेले असते. हे चार महिने दुर्बीण स्वच्छ करणे, तिपाई दुरुस्त करणे आणि नोंदवही आखणे यांत घालवावेत. पाऊस सरल्यावर धुतलेल्या आकाशात आश्विनातील शुद्ध अष्टमी येईल. त्या संध्याकाळी आपल्या गावातून किमान एक छायाचित्र निघावे आणि त्याखाली गावाचे नाव, तिथी, वेळ व छायाचित्र घेणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे नाव स्वच्छ अक्षरात लिहिलेले असावे, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवितो.